फुल बॉडी चेकअपपेक्षा शिकाऊ डॉक्टरांची ओपीडी बरी, पण फाइल स्वतःच सांभाळा

पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापलाय पडद्यासाठी आणि एक कापलाय नंतरच्या पाठपुराव्यासाठी. दोन्हीबद्दल खाली लिहिते.

रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही. पुण्यातलं मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, तिथे महिलांच्या आरोग्य तपासणीची वेगळी ओपीडी चालते, एवढं पुरे. माझ्या तक्रारी वाचून कोणी तिथल्या इंटर्न मुलींना धारेवर धरलं तर मला वाईट वाटेल, कारण जे चांगलं झालं ते बरंचसं त्यांनीच केलं.

आम्ही तिघी गेलो होतो. मी ४४ वर्षांची, धनकवडीत पतसंस्थेत ठेवींचं काम बघते. सासूबाई ७१. नणंद ४१, लग्न केलेलं नाही, आमच्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहते. तिघींनाही काही दुखत-खुपत नव्हतं. दुखत नसताना डॉक्टरकडे कशाला जायचं, हे घरातल्या पुरुषांना समजावण्यातच एक आठवडा गेला.

त्याआधी एका लॅबचं 'महिलांसाठी खास' पॅकेज मी केलं होतं. मार्चअखेरीला आमच्या ऑफिसात त्यांचा माणूस कुपनं घेऊन आला, सगळ्याजणींनी हात पुढे केले. सत्तरेक टेस्ट, रंगीत रिपोर्ट, लाल-हिरव्या पट्ट्या. तो रिपोर्ट घेऊन मी ओपीडीत गेले तेव्हा निवासी डॉक्टर मुलीने पानं उलटली आणि विचारलं, "यात स्तनाची तपासणी कोणी केली? गर्भाशयाच्या मुखाची? तोंडात कोणी बघितलं?" कोणीच नाही. हाताला सुई टोचून एक मुलगा घरून रक्त घेऊन गेला, संपलं. सीए-१२५ मात्र होतं, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरचा अंदाज घ्यायची रक्ताची टेस्ट. त्यावर ती म्हणाली, लक्षणं नसलेल्या, घरात कोणाला तसला कॅन्सर नसलेल्या बाईने हे करून काही पदरात पडत नाही. पाळीत वाढतं, फायब्रॉइड, म्हणजे पिशवीतल्या साध्या गाठी, असल्या तरी वाढतं, मग सोनोग्राफी, मग घाबरणं, आणि कधीकधी नको असलेलं ऑपरेशन. तेवढ्या पैशात काय काय झालं असतं याचा हिशेब मी मनातल्या मनात केला. सवयच आहे.

आता ओपीडीचं. केसपेपर काढला की एका लांब टेबलापाशी बसवतात. तिथे इंटर्न असतात, म्हणजे एमबीबीएसची शेवटची परीक्षा झालेली, वर्षभराची सक्तीची उमेदवारी करणारी मुलं-मुली. त्यांच्या वर निवासी डॉक्टर, म्हणजे एमबीबीएसच्या पुढचं तीन वर्षांचं शिक्षण घेणारे, ज्यांना सगळे जेआर म्हणतात. पहिल्या वर्षाचा जेआर झोपेत चालल्यासारखा दिसतो, तिसऱ्या वर्षाचा जरा माणसात आलेला असतो. सगळ्यांच्या वर मोठ्या मॅडम, त्या मधूनच येतात आणि आल्या की खोलीतला आवाज बंद होतो.

टेबलावर सेलोटेपने एक कागद चिकटवलेला. सरकारने २०१६ साली जी रूपरेषा काढली तिचा सारांश: वय ३० ते ६५, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरांची तपासणी दर पाच वर्षांनी, शिवाय बीपी आणि साखर. हे सगळं देशभर व्हायला हवं. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के, आणि स्तनाची ०.९ टक्के. आमच्या ऑफिसात मी विचारून बघितलं. कुपनवाल्या सगळ्या होत्या, या तपासणीची एकही नव्हती.

शिकाऊ डॉक्टरांकडे जायला लोक नाक मुरडतात. 'आपल्यावर हात साफ करतात' हे वाक्य मी माहेरी-सासरी दोन्हीकडे ऐकलंय. माझा अनुभव सांगते. नावाजलेल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात मला सगळं मिळून चार मिनिटं मिळतात, आणि 'काय होतंय?' याच्या पलीकडे प्रश्न जात नाही. या इंटर्नने सगळं विचारलं, कारण तिला ते नंतर जेआरला तोंडी सांगायचं होतं. पाळी किती दिवस, पॅड किती लागतात, गाठी जातात का, संबंधानंतर रक्त जातं का, घरात कोणाला स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर, तो कितव्या वर्षी झाला, मुलगी आहे का, तिचं वय काय. मुलगी तेरा वर्षांची म्हटल्यावर तिने एचपीव्हीच्या, म्हणजे संबंधांतून पसरणाऱ्या आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरच्या, लशीचं सांगितलं: १४ पर्यंत दोन डोस, १५ पासून पुढे तीन. म्हणजे माझ्याकडे तसं बघितलं तर एक-दोन वर्षांचाच वेळ. सर्व्हाव्हॅक ही लस आपल्या सीरमचीच, जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली. पुण्यात राहून मला हे माहीत नव्हतं आणि आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी कधी विषय काढला नाही.

शेजारच्या खुर्चीवर बीडकडची एक बाई होती, आधी ऊसतोडीला जायची, आता लेकाकडे कात्रजला. तिला दुसऱ्या इंटर्नने विचारलं, "पिशवी काढलीय का? पूर्ण? मुखासकट?" बाईला सांगता येईना, तिशीतच काढली एवढंच माहीत. मुलाने जुनी फाइल फोनमध्ये फोटो काढून ठेवली होती, ती जेआरने बघितली. साध्या कारणाने मुखासकट पिशवी काढली असेल तर पॅपची, म्हणजे मुखाच्या पेशी खरवडून तपासायच्या टेस्टची, गरज नाही; तरी बाहेर कुठेतरी तिची ती टेस्ट पैसे घेऊन केलेली होती. जेआरने कपाळाला हात लावला नाही, पण लावावासा वाटला असणार. मग त्यांनी तिला हाडांबद्दल, दुधा-दह्याबद्दल, अंडाशयं ठेवली होती की तीही काढली याबद्दल विचारलं. सेलोटेपवाल्या कागदावर हा रकाना नाही. हे त्या जेआरला कोणीतरी शिकवलेलं होतं.

सासूबाईंचा नंबर आला तेव्हा इंटर्न म्हणाली, "आजी ६५ च्या पुढे आहेत, यात बसत नाहीत." तिसऱ्या वर्षाच्या जेआरने तिला थांबवलं. "आधी कधी झालीय का?" कधीच नाही. "मग थांबायचं कसं? आधीच्या तपासण्या वेळेवर होऊन नीट आल्या असतील तर ६५ ला थांबायचं. यांची तर सुरुवातच नाही." इंटर्नने खाली मान घालून लिहून घेतलं. कागद वाचणं आणि कागद कशासाठी आहे ते कळणं यात या पोरांची दोन-तीन वर्षं जातात, आणि ते आपल्यासमोरच होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग तोंड. "आजी, तंबाखू?"

"छे!"

"मिश्री?"

"ती दातांना लावते. खात नाही."

बाई पन्नास वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. आमच्या घरात ती तंबाखूत धरतच नाहीत. भाजलेल्या तंबाखूची पूड आहे हे सांगूनही त्यांना पटलं नाही. इंटर्नने मोबाइलचा टॉर्च मारून 'ठीक आहे' म्हटलं. जेआरने लाकडी पट्टी घेतली, खालचा ओठ बाहेरच्या बाजूला उलटा केला, आणि तिथे, मिश्रीचं बोट जिथे रोज टेकतं नेमकं तिथे, पांढुरका चट्टा. गॉजने पुसला, जात नाही. तिने इंटर्नलाही हातमोजा घालून पुसायला लावला, गालांच्या आत, जिभेखाली, सगळीकडे पुन्हा बघायला लावलं. दंत विभागात पाठवलं, तिथे तुकडा काढला, सुदैवाने त्यात कॅन्सर नाही. मिश्री बंद. म्हणजे डबी माझ्या कपाटात आहे; सासूबाई शेजारणीकडे जाऊन लावत नसतील अशी आशा.

गर्भाशयमुखाची माझी तपासणी व्हीआयएने झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आत स्पेक्युलम नावाचं उपकरण घालून मुख दिसेल असं करतात, पातळ केलेल्या ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावतात, बिघडलेल्या पेशींचा भाग असेल तर तो पांढरा पडतो. खोलीभर लोणच्याच्या बरणीसारखा वास सुटतो. दुखत नाही, जरा झोंबतं. इंटर्नने बोळा लावला आणि लगेच काढायला गेली. जेआर मागून म्हणाली, "एक मिनिट म्हणजे?" "एक मिनिट, मॅम." "मग?" पुन्हा बोळा लावला, आणि जेआरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण साठ सेकंद कोणालाही हलू दिलं नाही. त्या अवस्थेत साठ सेकंद फार लांब असतात हे खरं, पण दहा सेकंदांत बघितलं असतं तर काही दिसलंच नसतं आणि माझ्या कागदावर 'निगेटिव्ह' लागलं असतं. तपासणी 'झाली' आणि 'नीट झाली' यात तेवढाच फरक होता. सासूबाईंना मात्र पॅप केली. पाळी गेल्यावर जो भाग बघायचा असतो तो आत सरकतो, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून व्हीआयएवर विसंबता येत नाही असं कारण दिलं.

तेवढ्यात मोठ्या मॅडम आल्या. मी पडद्यामागे टेबलावर, आणि बाहेर तोंडी परीक्षा सुरू. "एकदाच एचपीव्ही टेस्ट करून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कुठे?" शांतता. कोणीतरी अमेरिका म्हणालं. "बार्शी!" मॅडम ओरडल्या. मी आतून म्हणाले, "माझं माहेर." हशा पिकला, मॅडमसुद्धा हसल्या.

मग घरी येऊन मी वाचून काढलं. खरंच आहे. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या आणि आसपासच्या गावांत ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर हा अभ्यास केला. काही गावांत एचपीव्ही, काहींत पॅप, काहींत व्हीआयए, काहींत नेहमीचंच. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला. मृत्यू ठळकपणे घटले ते एचपीव्हीच्या गटात. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना हीच टेस्ट पहिल्या पसंतीची म्हणते, ३० वर्षांपासून, दर पाच ते दहा वर्षांनी, आणि नमुना बाईने स्वतः घेतला तरी चालतो. व्हीआयए अगदीच टाकाऊ आहे असंही नाही. मुंबईच्या वस्त्यांत आरोग्यसेविकांनी ती दर दोन वर्षांनी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. पण माझ्या माहेरच्या बायकांनी जगाला जे सिद्ध करून दिलं ते या ओपीडीत अजून मिळत नाही, बाहेरच्या लॅबमधून स्वतःच्या खर्चाने करा म्हणतात. यात इंटर्नचा काय दोष? तिच्या ट्रेमध्ये जे आहे त्यानेच ती तपासणार.

स्तनाची तपासणी इंटर्नने नीट केली, तीन बोटांच्या पेरांनी गोल गोल, आधी हलकं, मग जरा दाबून, मग खोल. काख राहिली होती, जेआरने "आणि?" म्हटल्यावर आठवली.

बीपी मात्र माझं राहिलंच. सासूबाईंचं घेतलं, माझ्या रकान्यात 'बीपी-शुगरचा त्रास नाही' अशी टिक. मी म्हटलं, त्रास नाही हे मी सांगितलं, मोजलं कुठे? घेतलं तर १४८/९२. पाच मिनिटं स्वस्थ बसवून पुन्हा घेतलं, तरी चढंच. एका दिवसावर बीपीचा शिक्का मारत नाहीत, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजायला या म्हणाल्या. बाईची तपासणी म्हटली की सगळ्यांचं लक्ष पिशवीकडे आणि छातीकडे. आम्हालाही हृदय असतं.

आता पडदा. खोलीत एकच, आणि तो तपासणीच्या टेबलाला. प्रश्न विचारतात ते उघड्यावर, मागच्या खुर्च्यांना सगळं ऐकू जातं. नणंदेला इंटर्नने विचारलं, "लग्न?" "नाही." तिने पेल्व्हिक, म्हणजे आतून करायच्या, तपासणीच्या रकान्यावर सरळ रेघ मारली. विचारायचा प्रश्न संबंध आलेत का, हा आहे. लग्नाशी विषाणूला काय देणंघेणं? आणि तो विचारायचा तर पाच बायकांच्या कानांवर जाईल असा नाही. नणंद तिथे काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "वहिनी, मला विचारलंच नाही गं त्यांनी." तिचं काय उत्तर होतं ते माझ्यापाशी राहू दे. स्वतः नमुना घेऊन एचपीव्ही करण्याचा पर्याय नेमका तिच्यासारखीसाठी आहे, पण कोणी सांगितला नाही. तिने ती नंतर बाहेरून करून घेतली.

याहून कडी म्हणजे फॉर्मच्या शेवटचा प्रश्न. मानसिक ताण, घरात मारहाण किंवा त्रास. चांगला प्रश्न आहे, कोणीतरी विचार करून घातलाय. तो मला विचारला सासूबाई शेजारी बसलेल्या असताना. "काकू, घरी काही त्रास?" मी सासूबाईंकडे बघितलं, सासूबाईंनी माझ्याकडे. "नाही हो," मी म्हटलं. इंटर्नने टिक केली. आमच्याकडे खरंच नाही, पण ज्या घरात असेल तिथली सूनही हेच म्हणणार ना? नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवायला मशीन लागत नाही.

आणि पाठपुरावा. माझ्या मते या सेवेची खरी दुखरी नस हीच. इंटर्न मुलीने सांगितलं, "काकू, पाच वर्षांनी परत यायचं." ती स्वतः महिना संपला की दुसऱ्या वॉर्डात जाणार. वर्ष संपलं की कॉलेज सोडणार. सासूबाईंची पॅप कोणी घेतली, कोणी वाचली, हे विचारायला गेलो तर टेबलावर सगळेच नवीन चेहरे. रिपोर्ट पॅथॉलॉजीच्या खिडकीवर पडून होता, नशिबाने नॉर्मल. पण काही निघालं असतं तर? फोन आला नसता हे नक्की, कारण रजिस्टरमध्ये फोन नंबरचा रकाना रिकामाच होता, मी डोकावून पाहिलं. आमच्या छोट्याशा पतसंस्थेत पाच वर्षांच्या ठेवीची मुदत भरत आली की खातेदाराला मेसेज जातो, मग ती ठेव ज्याने उघडली तो कर्मचारी नोकरीवर असो नसो. इथे पाच वर्षांचा नियम पाळायची जबाबदारी महिनाभराने बदलणाऱ्या पोरीवर टाकलीय. ती तिचं काम चोख करून जाते आणि पुढे कोणी नसतं.

हे मी मोठ्या मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नंबर लिहायचा शिक्का त्याच दिवशी रजिस्टरवर मारायला लावला. मेसेज कोण पाठवणार हे ठरायचंय. मी माझ्या फोनमध्ये पाच वर्षांनंतरची तारीख घालून ठेवलीय, बीपीची पुढच्या आठवड्याची.

जाणार असाल तर: पाळीच्या दिवसांत जाऊ नका, आमच्यासमोर दोघींना परत पाठवलं आणि नोंदणीच्या खिडकीवर हे कोणी सांगत नाही. आधीचे दोन दिवस संबंध नकोत आणि योनीत कुठलं औषध-क्रीमही नको, पॅपमध्ये गोंधळ होतो. पिशवीचं ऑपरेशन झालं असेल तर त्याचे कागद न्या. सासू-सुना एकत्र गेलात तर आत वेगवेगळ्या जा. नवीन इंटर्न आलेल्या पहिल्या आठवड्यात वेळ दुप्पट लागतो, पण तेव्हा जेआर मागे उभी असते, ते फायद्याचं. साडेआठला केसपेपर काढलात तर दुपारच्या आत मोकळ्या व्हाल, आणि रिपोर्टची खिडकी एकला बंद होते.